घरच्या हाय-फाय संचासाठी ट्यूब अ‍ॅम्प्लिफायर कसा निवडावा

ट्यूब अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचे ठरले की बहुतेकांची चौकशी ट्यूबच्या (म्हणजे आवाज वाढवणाऱ्या निर्वात काचेच्या नळीच्या, व्हॉल्व्हच्या) नावापासून सुरू होते. ईएल३४ गोड की केटी८८ भारदस्त, ३००बी खरोखर तेवढी मोलाची आहे का, अमुक कंपनीच्या ट्यूब कुठे मिळतील, असे प्रश्न आधी येतात. ही चौकशी खरे तर सर्वांत शेवटी करायची असते. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या मानाने ट्यूब अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरवर कितीतरी अधिक अवलंबून असतो. त्याला कोणता स्पीकर जोडला आहे यावर त्याची शक्ती, त्याचे डिस्टॉर्शन (मूळ ध्वनीत पडणारी विकृती) आणि आवाजाचा तोलसुद्धा बदलतो. म्हणूनच एका घरात अप्रतिम वाजणारा अ‍ॅम्प दुसऱ्या घरात ढिसाळ वाजू शकतो आणि त्यात त्या अ‍ॅम्पचा काही दोष नसतो. पुढील विवेचनात सुरुवात स्पीकरपासून केली आहे; मग खोली आणि ऐकण्याची सवय, अ‍ॅम्पची रचना, आउटपुट ट्रान्सफॉर्मर, घरातील वीज आणि त्यानंतर ट्यूब, असा क्रम ठेवला आहे. खरेदी करतानाही हाच क्रम पाळावा असा माझा आग्रह आहे.

आधी स्पीकरची माहिती मिळवावी

स्पीकरच्या माहितीपत्रकातील तीन गोष्टी कागदावर उतरवून घ्याव्यात: सेन्सिटिव्हिटी, नॉमिनल इंपीडन्स आणि किमान इंपीडन्स (इंपीडन्स म्हणजे स्पीकरचा विद्युतप्रवाहाला होणारा, ओहममध्ये मोजलेला विरोध). एक मीटर अंतरावर ठरावीक विद्युतदाबाला स्पीकर किती डेसिबल आवाज देतो, ते सेन्सिटिव्हिटी सांगते. येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा लागतो. बहुतेक कंपन्या हा आकडा २.८३ व्होल्टला देतात. आठ ओहमच्या स्पीकरमध्ये २.८३ व्होल्ट म्हणजे एक वॅट, पण चार ओहमच्या स्पीकरमध्ये तेवढ्याच व्होल्टेजला दोन वॅट खर्च होतात. त्यामुळे चार ओहमच्या स्पीकरवर ९० डेसिबल लिहिले असेल, तर एका वॅटला तो प्रत्यक्षात ८७ डेसिबलच देतो. ट्यूब अ‍ॅम्पच्या बाबतीत एकेक वॅट मोलाचा असल्यामुळे हा तीन डेसिबलचा फरक निवडीचे पारडे फिरवू शकतो.

नॉमिनल इंपीडन्स हा केवळ सोयीसाठी दिलेला एक आकडा आहे. प्रत्यक्षात स्पीकरचा इंपीडन्स प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळा असतो. 'आठ ओहम' म्हणून विकला जाणारा स्पीकर खर्जात एके ठिकाणी तीस ओहमपर्यंत चढतो, मधल्या पट्टीत साडेतीन-चारपर्यंत उतरतो आणि क्रॉसओव्हरच्या (जेथे खालचे आणि वरचे स्वर स्पीकरमधील वेगवेगळ्या शंकूंकडे वळतात त्या फ्रिक्वेन्सीच्या) आसपास पुन्हा वर जातो. हा आलेख मिळाला तर फारच उत्तम. स्टिरिओफाइलसारखी नियतकालिके आपल्या परीक्षणांत तो मोजून छापतात. आलेखात दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, इंपीडन्स चार ओहमच्या खाली कोठे जातो का. दुसरी, त्याच ठिकाणी फेजचा कोन (व्होल्टेज आणि करंट यांच्या लहरींतील अंतर) मोठा आणि कपॅसिटिव्ह, म्हणजे करंट व्होल्टेजच्या पुढे धावणारा, आहे का. या दोन्ही गोष्टी एकाच जागी आल्या, विशेषतः शंभर हर्ट्झच्या आसपास, तर तो स्पीकर लहान ट्यूब अ‍ॅम्पसाठी अवघड समजावा, मग त्याची सेन्सिटिव्हिटी कागदावर कितीही आकर्षक दिसो. याउलट इंपीडन्सचा आलेख बऱ्यापैकी सपाट असलेला, सहा ओहमच्या खाली न उतरणारा ८८ डेसिबलचा स्पीकर ट्यूब अ‍ॅम्पशी सुखाने नांदतो.

आपल्याला खरोखर किती वॅट लागतात

हा हिशेब घरबसल्या करता येतो. समजा, खोली बारा बाय चौदा फुटांची आहे, बसण्याची जागा स्पीकरपासून तीन मीटरवर आहे आणि स्पीकर ८७ डेसिबलचे, आठ ओहमचे आहेत. अंतरामुळे आवाज घटतो, पण दोन स्पीकर आणि भिंतींवरून परतणारा आवाज यांमुळे त्यातली बरीच घट भरून निघते. साधारण चार डेसिबल वजा धरले तर हिशेब जुळतो. म्हणजे प्रत्येक स्पीकरला एक वॅट दिला असता आपल्या खुर्चीत सुमारे ८३ डेसिबल आवाज पोचेल. संध्याकाळी निवांतपणे ख्याल ऐकताना सरासरी पातळी ७५ डेसिबलच्या आसपास असते आणि तबल्याची थाप किंवा तारसप्तकातली झेप त्याहून पंधरा डेसिबल वर जाते असे धरू. मग क्षणिक गरज ९० डेसिबलची, म्हणजे एका वॅटच्या वर सात डेसिबलची, म्हणजेच पाच वॅटची झाली. दुपटीची राखीव जागा ठेवली तरी दहा वॅट पुरतात.

याच खोलीत आणि याच स्पीकरवर कोणी पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रा ८५ डेसिबल सरासरीने ऐकणार असेल आणि त्यातील उसळी अठरा डेसिबलची असेल, तर १०३ डेसिबल गाठण्यासाठी शंभर वॅट लागतील. तेवढी शक्ती ट्यूबमधून मिळते, पण तो अ‍ॅम्प महाग, वजनदार आणि खोली तापवणारा असतो. त्याऐवजी ९५ डेसिबलचे स्पीकर घेतले तर हीच गरज सोळा वॅटवर येते. दर तीन डेसिबलला वॅट दुप्पट होतात हे सूत्र लक्षात ठेवले, की मोठा अ‍ॅम्प घ्यावा की सोपा स्पीकर घ्यावा याचा निर्णय आपोआप स्पष्ट होतो. माझे मत विचाराल तर ज्यांनी अजून स्पीकर घेतलेले नाहीत, त्यांनी ९० डेसिबलच्या वरचा, सपाट इंपीडन्सचा स्पीकर घेऊन अ‍ॅम्प लहान पण उत्तम घडणीचा घ्यावा.

ज्यांच्याकडे स्पीकर आहेत त्यांच्यासाठी एक उदाहरण देतो. बीबीसीने १९७० च्या दशकात बाहेरगावच्या ध्वनिमुद्रणाच्या गाड्यांसाठी तयार केलेला एलएस३/५ए हा चिमुकला स्पीकर आजही अनेक रसिकांच्या घरी आहे. त्याची सेन्सिटिव्हिटी सुमारे ८३ डेसिबल, म्हणजे फारच कमी. तरीही त्याची मूळ पंधरा ओहमची आवृत्ती ट्यूब अ‍ॅम्पच्या सोळा ओहमच्या टर्मिनलवर सुरेख वाजते, कारण तिचा इंपीडन्स चढा आहे आणि अ‍ॅम्पला करंट फारसा पुरवावा लागत नाही. वरच्याच हिशेबाने ९० डेसिबलसाठी तिला साडेबारा वॅट लागतात. तीन वॅटच्या अ‍ॅम्पने तिचे काम भागणार नाही, पण पंचवीस-तीस वॅटच्या पुश-पुल (ट्यूबच्या जोडीने चालणाऱ्या) अ‍ॅम्पने मानवी आवाज त्यावर असा ऐकू येतो की खोलीत गायक बसला आहे असे वाटावे.

आउटपुट इंपीडन्स: आवाजाचा तोल येथे ठरतो

ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पचा आउटपुट इंपीडन्स (त्याच्या स्वतःच्या आउटपुटचा अंतर्गत विरोध) सहसा ओहमच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असतो. ट्यूब अ‍ॅम्पमध्ये तो अर्ध्या ओहमपासून तीन ओहमपर्यंत आढळतो आणि फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग मागे आणून चूक सुधारणे) नसलेल्या सिंगल-एंडेड (एकाच पॉवर ट्यूबच्या) अ‍ॅम्पमध्ये त्याहूनही जास्त असू शकतो. याचा परिणाम सरळ आहे: स्पीकरचा इंपीडन्स जेथे चढतो तेथे आवाज वाढतो आणि जेथे उतरतो तेथे घटतो. आकड्यांत सांगायचे तर दोन ओहम आउटपुट इंपीडन्सच्या अ‍ॅम्पला चार ते बत्तीस ओहम अशी चढउतार करणारा स्पीकर जोडला, तर त्या दोन टोकांत सुमारे तीन डेसिबलचा फरक पडतो. हा फरक कोणालाही ऐकू येतो. अ‍ॅम्पचा इंपीडन्स अर्धा ओहम असेल तर तोच फरक एका डेसिबलच्या आत राहतो.

ज्याला लोक 'ट्यूबचा ऊबदार आवाज' म्हणतात, त्याचा मोठा हिस्सा या परस्परसंबंधातून येतो. खर्जाचा फुगवटा एखाद्या सडपातळ स्पीकरला शोभून दिसतो, पण आधीच भरघोस खर्ज असलेल्या स्पीकरवर तोच घुमू लागतो आणि बायाँची मींड अस्पष्ट करतो. माहितीपत्रकात आउटपुट इंपीडन्स दिलेला नसेल तर डॅम्पिंग फॅक्टर (स्पीकरचा इंपीडन्स भागिले आउटपुट इंपीडन्स) पाहावा. आठ ओहमला तो १६ असेल तर इंपीडन्स अर्धा ओहम, चार असेल तर दोन ओहम. स्पीकरचा आलेख खडबडीत असल्यास डॅम्पिंग फॅक्टर दहाच्या वरचा अ‍ॅम्प शोधावा. आलेख सपाट असल्यास तीन-चारही चालतो.

मागच्या बाजूला ४, ८ आणि १६ अशी टर्मिनल असतात. आठ ओहमचा स्पीकर चारच्या टर्मिनलवर लावून पाहण्यास काहीही धोका नाही. त्यामुळे कमाल शक्ती घटते, पण आउटपुट इंपीडन्स जवळपास निम्मा होतो आणि बहुधा डिस्टॉर्शनही उतरते. पुष्कळ घरांत हीच जोडणी अधिक स्वच्छ वाजते. उलट दिशेने, म्हणजे चार ओहमचा स्पीकर सोळाच्या टर्मिनलवर लावणे मात्र टाळावे.

सिंगल-एंडेड की पुश-पुल

सिंगल-एंडेड अ‍ॅम्पमध्ये संपूर्ण लहर एकच पॉवर ट्यूब वाहून नेते. २ए३ सुमारे साडेतीन वॅट देते, ३००बी सुमारे आठ, तर ८४५ सारखी उंच ट्यूब जवळपास हजार व्होल्टवर चालून वीसच्या आसपास. या अ‍ॅम्पचे डिस्टॉर्शन मुख्यतः दुसऱ्या हार्मोनिकचे, म्हणजे वरच्या सप्तकातील त्याच स्वराचे असते आणि आवाज वाढत जातो तसे ते हळूहळू वाढते. कानाला ते खुपत नाही. एकटा आवाज, सतार, बासरी यांना त्यामुळे एक भरीवपणा येतो. पण ताल, संवादिनी, गायक आणि दोन तानपुरे एकदम जोरात वाजू लागले की तोच भरीवपणा गर्दीत रूपांतरित होतो. ज्यांचे स्पीकर ९५ डेसिबलच्या वरचे आहेत आणि ऐकणे मर्यादित आवाजात आहे, त्यांनीच हा मार्ग धरावा.

पुश-पुलमध्ये दोन ट्यूब लहरीचे दोन अर्ध उलटसुलट हाताळतात; सम हार्मोनिक एकमेकांना छेदतात, शक्ती वाढते आणि ट्रान्सफॉर्मरवरील ताण घटतो. ईएल८४ ची जोडी दहा ते सतरा वॅट देते, ईएल३४ ची पस्तीस ते पन्नास, केटी८८ ची त्याहून अधिक. इतिहासातील नावाजलेले घरगुती अ‍ॅम्प बहुतेक याच घडणीचे होते: १९५३ चा क्वाड टू हा केटी६६ वापरून पंधरा वॅट देई, १९५९ चा डायनाको स्टिरिओ ७० ईएल३४ वर प्रत्येक बाजूला पस्तीस वॅट आणि १९६१ चा मॅकिंटॉश एमसी २७५ केटी८८ वर पंचाहत्तर वॅट. ८६ ते ९१ डेसिबलचे सर्वसाधारण स्पीकर असलेल्या मध्यम आकाराच्या दिवाणखान्यासाठी ईएल३४ चा पुश-पुल हा सर्वांत निर्धोक पर्याय आहे, असे मला वाटते. काही अ‍ॅम्पमध्ये ट्रायोड आणि अल्ट्रालिनियर या ट्यूब जोडण्याच्या दोन पद्धतींत बदल करण्याचे बटण असते. ट्रायोडमध्ये शक्ती साधारण निम्मी होते आणि आवाज मऊ येतो. रात्रीच्या ऐकण्यासाठी ही सोय उपयोगी आहे, पण केवळ त्या बटणासाठी जादा पैसे मोजू नयेत.

पैसा कुठे जातो: आउटपुट ट्रान्सफॉर्मर

ट्यूब काही वर्षांनी बदलता येतात, कपॅसिटर बदलता येतात. आउटपुट ट्रान्सफॉर्मर सहसा अ‍ॅम्पच्या जन्मापासून शेवटपर्यंत तोच राहतो. ट्यूबला काही हजार ओहमचा भार हवा असतो आणि स्पीकर असतो आठ ओहमचा. या दोहोंना जुळवण्याचे काम हा ट्रान्सफॉर्मर करतो. खर्जासाठी त्याला भरपूर लोखंड लागते आणि वरच्या स्वरांसाठी एकमेकांत गुंफलेले काळजीपूर्वक वेटोळे. १९४७ साली डी. टी. एन. विल्यमसन यांनी ब्रिटनमध्ये जी रचना प्रसिद्ध केली आणि जिच्यामुळे घरगुती हाय-फायचे मानदंडच बदलले, तिची खरी मागणी ट्रान्सफॉर्मरकडून होती. वीस डेसिबल फीडबॅक ट्रान्सफॉर्मरच्या बाहेरून फिरवून आणायचा, तर तो ट्रान्सफॉर्मर श्रवणमर्यादेच्या पलीकडेही शिस्तीने वागला पाहिजे, नाहीतर अ‍ॅम्प स्वतःच थरथरू लागतो. स्वस्त अ‍ॅम्पमध्ये काटकसर नेमकी येथे केलेली असते, कारण झाकणाखालचे लोखंड ग्राहकाला दिसत नाही.

ते तपासण्याचे साधे मार्ग आहेत. पहिला मार्ग वजनाचा: प्रत्येक बाजूला पस्तीस-चाळीस वॅटचा दावा करणारा स्टिरिओ अ‍ॅम्प आठ-नऊ किलोचाच असेल तर शंका घ्यावी. दुसरा मार्ग माहितीपत्रकाचा: शक्तीचा आकडा फक्त एक किलोहर्ट्झला दिला आहे की वीस-तीस हर्ट्झपासून वीस किलोहर्ट्झपर्यंत, हे पाहावे. 'फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स २० ते २० हजार' हे वाक्य बहुधा एका वॅटवर मोजलेले असते आणि पूर्ण शक्तीला खर्जात काय होते याबद्दल त्यातून काहीच कळत नाही. सिंगल-एंडेडच्या बाबतीत अधिक सावध राहावे. त्याच्या ट्रान्सफॉर्मरमधून सतत डीसी वाहत असल्यामुळे गाभ्यात हवेची फट ठेवावी लागते आणि तेवढ्याच खर्जासाठी पुश-पुलपेक्षा मोठा गाभा लागतो. आठ वॅटच्या ३००बी अ‍ॅम्पचे ट्रान्सफॉर्मर मुठीएवढे दिसले तर तो अ‍ॅम्प नाकारावा.

उरलेल्या संचाशी मेळ

सीडी प्लेअर किंवा डॅक (डिजिटल ध्वनीचे विद्युतसंकेतात रूपांतर करणारे यंत्र) सहसा दोन व्होल्ट देतो आणि बहुतेक ट्यूब अ‍ॅम्प एका व्होल्टच्या आतच पूर्ण शक्ती गाठतात. म्हणून वेगळा प्रीअ‍ॅम्प बहुधा लागत नाही. लावलाच तर जास्तीच्या गेनमुळे (संकेत वाढवण्याच्या पटीमुळे) आवाजाचे बटण आठ वाजण्याच्या स्थितीतच अडकते आणि सुसकारा वाढतो. रेकॉर्ड ऐकायच्या असतील तर फोनो स्टेज (रेकॉर्डच्या सुईचा क्षीण संकेत वाढवणारा भाग) आत आहे की नाही, आणि असेल तर ती फक्त मूव्हिंग मॅग्नेट प्रकारच्या कार्ट्रिजसाठी (सुई बसवलेल्या भागासाठी) आहे का, हे विचारावे; मूव्हिंग कॉइलला साधारण वीस डेसिबल अधिक गेन लागतो. प्रीअ‍ॅम्प वेगळा असेल तर त्याच्या आउटपुट इंपीडन्सच्या किमान दहापट इनपुट इंपीडन्स अ‍ॅम्पचा असावा.

घरातील वीज आणि उष्णता

आपल्याकडे या विषयाकडे दुर्लक्ष होते आणि सर्वाधिक नुकसानही येथेच होते. परदेशातून मागवलेला अ‍ॅम्प २२० व्होल्टसाठी बांधलेला असेल आणि आपल्या इमारतीत रात्री अकरानंतर २४५ व्होल्ट येत असतील, तर ट्यूबच्या हीटरला (आतील तापणाऱ्या तारेला) ६.३ ऐवजी ७ व्होल्ट मिळतात. दहा टक्क्यांची सर्वसाधारण मर्यादा त्याने ओलांडली. शिवाय प्लेटचे (ट्यूबमधील करंट गोळा करणाऱ्या पत्र्याचे) व्होल्टेजही त्याच प्रमाणात चढते, ट्यूबचे आयुष्य घटते आणि मेन्स ट्रान्सफॉर्मर गुणगुणू लागतो. अ‍ॅम्प निवडण्याआधी आठवडाभर सकाळ, दुपार, रात्र मल्टिमीटरने घरचे व्होल्टेज मोजून लिहून ठेवावे. विक्रेत्याकडून प्रायमरी (मेन्स ट्रान्सफॉर्मरचे विजेकडचे वेटोळे) २३० किंवा २४० व्होल्टची आहे याची लेखी खात्री घ्यावी. ती नसेल तर योग्य क्षमतेचा ऑटोट्रान्सफॉर्मर किंवा चांगला स्टॅबिलायझर यांचा खर्च आधीच धरावा. खटखट करत टप्पे बदलणारा रिले स्टॅबिलायझर मात्र संगीताच्या मध्येच धक्का देतो.

अमेरिकेत राहणारे नातेवाईक तिकडचा अ‍ॅम्प पाठवू पाहतात, त्यांच्याबाबत एक सूचना. तिथले यंत्र १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचे असते. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, पण फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच राहते. केवळ ६० हर्ट्झसाठी बांधलेला मेन्स ट्रान्सफॉर्मर ५० वर अधिक तापतो, म्हणून मागच्या पट्टीवर '५०/६०' असे छापलेले असले तरच तो अ‍ॅम्प आणावा.

अर्थिंग नीट असणे अनिवार्य आहे. अ‍ॅम्पच्या आत तीनशे ते पाचशे व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तो साठा काही काळ टिकतो. ज्याला या कामाची माहिती नाही त्याने खालचे झाकण उघडू नये. पॉवर ट्यूबची काच दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापू शकते, त्यामुळे घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर जाळीचे संरक्षण असलेलाच अ‍ॅम्प घ्यावा. बंद शोकेसमध्ये तो ठेवता येत नाही. वर आणि बाजूंना मोकळी जागा लागते. ईएल३४ चा स्टिरिओ पुश-पुल दीडशे ते दोनशे वॅट वीज सतत घेतो आणि तिची जवळपास सगळी उष्णता होते. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात बंद खोलीत हे चांगलेच जाणवते, तेव्हा तिथे ईएल८४ चा लहान अ‍ॅम्प अधिक वेळ ऐकला जाईल. मुंबई, कोकण, गोवा येथील दमट खाऱ्या हवेत सॉकेटच्या पिना काळवंडतात. तेथे अ‍ॅम्प आठवड्यातून एकदा तरी तासभर चालू ठेवावा आणि सिरॅमिक सॉकेट असलेला निवडावा.

ट्यूब आणि बायस

पॉवर ट्यूबमधून शांत अवस्थेत वाहणारा करंट म्हणजे बायस. काही अ‍ॅम्पमध्ये तो कॅथोडला (ट्यूबच्या इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाला) जोडलेल्या रेझिस्टरमुळे आपोआप सांभाळला जातो. ट्यूब बदलली तरी काही करावे लागत नाही. नवख्या माणसाने हाच प्रकार घ्यावा. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे फिक्स्ड बायसमध्ये, शक्ती जास्त मिळते पण करंट स्क्रूने जुळवावा लागतो. असा अ‍ॅम्प घ्यायचा असेल तर मापनाची जागा आणि स्क्रू बाहेरून हाताळता येतील असाच पाहावा. हिशेब कठीण नाही: ईएल३४ ची प्लेट जास्तीत जास्त २५ वॅट सोसते, प्लेटवर ४०० व्होल्ट असतील तर मर्यादेच्या ६० ते ७० टक्के म्हणजे ३७ ते ४४ मिलिअँपिअर. कॅथोडला दहा ओहमचा रेझिस्टर असेल तर मीटरवर ०.३७ ते ०.४४ व्होल्ट दिसले पाहिजेत. अर्थात, कंपनीने पुस्तिकेत दिलेला आकडा नेहमीच प्रमाण मानावा. अंधारात पाहिले असता एखाद्या ट्यूबची राखाडी प्लेट लालसर झालेली दिसली, तर क्षणाचाही विलंब न करता अ‍ॅम्प बंद करावा.

ट्यूबची उपलब्धता हा निवडीचा निकष असलाच पाहिजे. ईएल३४, ईएल८४, केटी८८, ६एल६ आणि लहान ट्यूबमध्ये १२एएक्स७, १२एयू७, ६एसएन७ आजही तयार होतात. स्लोव्हाकियातील जेजे, रशियातील सारातोव्हचा कारखाना आणि चीनमधील उत्पादक त्या पुरवतात. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एकेकाळी बनवलेल्या ट्यूबही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत जुन्या दुकानदारांकडे अधूनमधून निघतात. ज्या अ‍ॅम्पला आता कोठेच न बनणारी ट्यूब लागते, तो कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. पॉवर ट्यूब साधारण दोन ते पाच हजार तास चालतात. रोज दोन तास ऐकले तर तीन ते सात वर्षे. जुळवलेल्या चार ट्यूबचा संच घ्यायला आज किती पडतात, ते अ‍ॅम्प घेण्याआधीच विचारून ठेवावे.

ट्यूब बदलून आवाज बदलता येतो हे खरे, पण तो बदल लहान असतो. स्पीकर आणि अ‍ॅम्प यांचा मूळ मेळ बिघडलेला असेल तर महागडी ट्यूब तो दुरुस्त करू शकत नाही. ईएल३४ च्या सॉकेटमध्ये केटी८८ बसते म्हणून ती लावू नये. तिचा हीटर किंचित अधिक करंट घेतो, बायस वेगळा लागतो, आणि कंपनीने परवानगी दिली असेल तरच हा बदल करावा.

जुना अ‍ॅम्प घेताना

जुन्या बाजारात दिसणारे सभामंडपाचे व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर हॉर्नवर भाषण ऐकवण्यासाठी बांधलेले असतात. १०० व्होल्ट लाइनसाठी केलेला त्यांचा ट्रान्सफॉर्मर हाय-फायच्या कामाचा नाही. जुन्या रेडिओचा अ‍ॅम्प करण्याचा विचार असेल तर तो एसी/डीसी प्रकारचा नाही ना हे आधी पाहावे, कारण त्यात मेन्स ट्रान्सफॉर्मर नसतो आणि चासी थेट विजेला जोडलेली असते. खऱ्या जुन्या हाय-फाय अ‍ॅम्पमध्ये इलेक्ट्रोलिटिक आणि कपलिंग कपॅसिटर बदलणे गृहीत धरावे. वर्षानुवर्षे बंद असलेला अ‍ॅम्प थेट प्लगला न लावता जाणकार तंत्रज्ञाकडे न्यावा आणि दोन्ही आउटपुट ट्रान्सफॉर्मर शाबूत असल्याची खात्री झाल्यावरच पैसे द्यावेत.

ऐकून निर्णय घ्यावा

शक्य असेल तर अ‍ॅम्प आपल्या घरी आणून आपल्याच स्पीकरवर ऐकावा. ते जमत नसेल तर स्पीकर घेऊन दुकानात जावे. सुरुवातीला कोणतेही संगीत न लावता अ‍ॅम्प चालू करून ट्विटरला कान लावावा. थोडा सुसकारा चालेल, पण गुणगुण बसण्याच्या जागेपर्यंत पोचत असेल तर ती पुढे रोज छळते, विशेषतः ९५ डेसिबलच्या वरच्या स्पीकरवर. मग आवाजाचे बटण नेहमीच्या जागी ठेवून पुढच्या लहान ट्यूबवर पेन्सिलीच्या मागच्या टोकाने हलकेच टिचकी मारावी. मंद 'टक' येणे स्वाभाविक आहे. घंटेसारखा नाद लांबत राहिला तर ती ट्यूब मायक्रोफोनिक (धक्क्याचा आवाज पकडणारी) आहे आणि बदलून मागावी.

दोन अ‍ॅम्पची तुलना करायची तर आवाजाची पातळी कानाने जुळवू नये. एक किलोहर्ट्झचा सलग स्वर लावून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने दोन्हीकडे सारखे व्होल्ट आणावेत. किंचित मोठा वाजणारा अ‍ॅम्प नेहमीच अधिक चांगला भासतो. त्यानंतर परिचित ध्वनिमुद्रण लावावे. तानपुऱ्यात जवारीचे बारीक स्वर सुटे ऐकू येतात का, बायाँची मींड खाली उतरताना सुराला धरून राहते की नुसता घुमारा होतो, गायिका तार षड्जावर ठाम उभी राहते तेव्हा मागची संवादिनी तिच्यात मिसळून जाते का, हे लक्ष देऊन ऐकावे. द्रुत लयीत तबला आणि ताना एकदम आल्यावर आवाज आक्रसला तर शक्ती कमी पडते आहे. अर्धा तास ऐकून थकवा येत असेल, तर कारण सापडेपर्यंत पैसे देऊ नयेत. चार ओहमचे टर्मिनल लावून पुन्हा एकदा ऐकावे.

घरी आणल्यावर

अ‍ॅम्प भक्कम फळीवर ठेवून प्रत्येक ट्यूब तिच्या ठरलेल्या सॉकेटमध्ये सरळ दाबून बसवावी; काचेवर हाताचे तेल लागल्यास स्वच्छ कापडाने पुसावे. त्यानंतर स्पीकर जोडावेत, सर्व टर्मिनल घट्ट आहेत याची खात्री करावी, आणि मगच विजेचे बटण दाबावे. स्पीकर न जोडता ट्यूब अ‍ॅम्प वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये उच्च व्होल्टेज उसळून त्याचे वेटोळे कायमचे जळू शकते. पहिली पंधरा मिनिटे अ‍ॅम्पजवळच थांबावे, प्लेट आणि वास यांवर लक्ष ठेवावे. बायस जुळवण्याचा प्रकार असेल तर अर्ध्या तासाने पहिले माप घ्यावे, आठवड्याने दुसरे, आणि पुढे तीन-चार महिन्यांनी एकदा. प्रत्येक वेळी तारीख, घरचे व्होल्टेज आणि प्रत्येक ट्यूबचा आकडा पुस्तिकेच्या मागच्या पानावर लिहून ठेवावा. एका ट्यूबचा आकडा इतरांपासून सरकू लागला, की नव्या संचाची मागणी नोंदवण्याची वेळ झाली असे समजावे.